फळ्यावरची पहिली ओळ

शेलूबाजारच्या स्टँडसमोर आता बी-बियाण्याचं आणि औषधांचं दुकान आहे. सोमवारी ऑफिसच्या कामाने तिकडे गेलो होतो. परतीची जीप भरायला वेळ होता, उन्हाचा चटका होता, म्हणून सावली बघून त्या दुकानात शिरलो. आत फवारणीच्या औषधांचा उग्र वास, नाकातून थेट कपाळात चढणारा. दुकानदाराने एका गिऱ्हाइकासाठी कोपऱ्यातली खोकी ओढली आणि मागची भिंत उघडी पडली. पोपटी रंगाखाली एक काळसर चौकोन. दोन-तीनदा तरी वरून रंग दिला असेल. तरी तो खालून वर आलाच होता.

"काय पायजे साहेब?"

"काही नाही. जीप भरेपर्यंत थांबतो."

"मंग बसा ना. उभे काहून?"

बसलो. जीप भरली आणि गेली. दुसरी आली, तीही गेली. मी भिंतीकडे बघत बसलो होतो.

तो चौकोन म्हणजे फळा. इथे तेव्हा हनीफभाईंचं व्हिडिओ गेमचं दुकान होतं. पत्र्याचं छत, तीन टीव्ही, तीन मशीन, लाकडी बाकं, आणि उजेड आत येऊ नये म्हणून दाराला रेक्झिनचा जाड पडदा. पडदा सरकवला की आधी अंधार लागायचा आणि मग वास. तापलेल्या वायरचा, पोरांच्या घामाचा, शेजारच्या सायकलच्या दुकानातल्या सोल्युशनचा, हनीफभाईंच्या डोक्यावरच्या चमेलीच्या तेलाचा. कॅसेट नीट लागली नाही की हनीफभाई ती उपसून तिच्या पोटात फुंकर मारत. फुंकर मारताना डोळे मिटत. आम्ही सगळे श्वास धरून उभे. मग टीव्हीवरच्या मुंग्या जायच्या, रंग यायचा आणि ते टिणटिण संगीत सुरू व्हायचं. अजूनही कधी ऑफिसात फाईल उघडताना ते माझ्या ओठांवर येतं.

त्या मशीनला काहीच लक्षात राहत नसे. बटण बंद केलं की तुम्ही किती गुण काढले, कुठवर पोचला होता, सगळं पुसलं. आणि लाइट तर दिवसातून चारदा जायची. म्हणून हनीफभाईंनी भिंतीवर काळा चौकोन रंगवून घेतला होता. सगळ्यात जास्त गुण काढील त्याचं नाव वर, त्याच्या खाली दुसरा, अशी पाच नावं खडूने लिहीत. बाजाराच्या दिवशी सकाळी ओल्या फडक्याने फळा पुसून टाकत. "चलो, नया हप्ता!" आणि पुन्हा सगळे शून्यावर.

त्यामुळे आमचा आठवडा शाळेच्या वेळापत्रकासारखा सोमवारी सुरू होत नसे. बाजारापासून बाजारापर्यंत तो चाले. बाहेर मिरच्यांच्या ढिगांचा ठसका, ओल्या गोणपाटाचा आणि जिलेबीच्या कढईचा वास, आणि आत कोरा, अजून ओला फळा. पुढचे दोन दिवस नावं चढत-उतरत. मग हनीफभाई कॅसेट बदलून आणायला अकोल्याला जात. त्या दिवशी आम्ही संध्याकाळी स्टँडवर उभे. एसटीच्या पायरीवर त्यांची कापडी पिशवी दिसली की तिच्या फुगवट्यावरून आत किती कॅसेटी असतील याचा अंदाज. नवा गेम आला असेल का, कसा असेल, त्यात गाडी असेल की विमान. खरं सांगायचं तर खेळण्यापेक्षा आम्ही वाटच जास्त बघितली. पैसे नव्हते, लाइट नव्हती, वेळ चोरून आणलेला असे. वाट बघणं तेवढं फुकट होतं.

आता पंचेचाळिशीला आलो, तरी ते सुटलेलं नाही. वाशीमच्या घरात टीव्हीखाली गेमचा एक काळा डबा आहे. ऑफिसातून आलो की चहा होईपर्यंत आणि चहानंतर तासभर मी त्याच्यासमोर असतो. चष्मा कपाळावर, मानेखाली उशी, अंगठ्याच्या सांध्याला मलम. या आठवड्यात शुक्रवारी एक गेम येणार होता, दोन वर्षांपासून त्याची जाहिरात बघत होतो. तीच जाहिरात मंगळवारी दोनदा बघितली, बुधवारी तीनदा. बायको भाजी निवडत होती.

"किती दिवस राह्यले तुमच्या गेमले?"

"दोन."

"पोरीच्या दहावीच्या निकालाचे इतके दिवस नाही मोजले तुमी."

मी हसलो. ती हसली नाही. तिचं खरं आहे. पोरगी अमरावतीला होस्टेलमध्ये आहे, फोनवर तीही विचारते, "बाबा, आला का तुमचा गेम?" तिला वाटतं मी आनंदी माणूस आहे. मला मात्र हल्ली गेम सुरू केला की पहिल्या पंधरा मिनिटांत थकवा येतो. हात खेळत राहतात, मी कुठेतरी मागे बसलेला असतो. आता गेम सगळं आपणहून जपून ठेवतात. कुठे पडलात, कितीदा पडलात, काय उचललंत, सगळं. दोन वर्षांनी उघडलं तरी तुम्ही जिथे उभे होता तिथेच उभे. तीस वर्षांपूर्वीच्या त्या विसरभोळ्या मशीनचा मला हेवा वाटतो.

जे मशीन विसरलं ते मी विसरलो नाही. माझ्या बहिणीला, सुमनताईला, मला एक गोष्ट सांगायची होती. तिची एक मैत्रीण होती, मंगला. तीस वर्षांपासून त्या दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या, आणि ते माझ्यामुळे. दोघींनाही हे माहीत नव्हतं. मागल्या पंधरवड्यात मेडशीला एका लग्नात मी वाढायला होतो. विहारापुढच्या मांडवात बायकांची पंगत बसली होती. ताई बसली होती आणि एक पाट सोडून मंगला. मधल्या पाटावर कोणी येऊन बसेना. ताई डाव्या अंगाला बघत जेवली, मंगला उजव्या. मी दोघींच्या पत्रावळीवर वरण वाढलं. थोडं वरण मधल्या रिकाम्या पाटापुढे सांडलं.

ताई माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. गेमच्या दुकानात पाय टाकायची मला सक्त मनाई होती, म्हणून मी दळणाचा डबा घेऊन निघत असे. चक्कीवर डबा रांगेत लावायचा आणि दळण होईपर्यंत हनीफभाईंकडे. परतताना केसांना थोडं पीठ लावून घ्यायचं. एकदा दळण कधीच होऊन गेलं तरी मी आलो नाही, तेव्हा ताई शोधत आली. पडदा सरकला, उजेडाची तिरीप टीव्हीवर पडली आणि सगळे एकदम ओरडले.

"ऊठ. पीठ थंडं झालं तिकडे."

"थांब ना ताई, एकच जीव राह्यला."

"आण इकडे तो रिमोट. एक जीव न् एक जीव लावला."

मला उठवायला तिने खेळायचा रिमोट माझ्या हातातून ओढला, तर गाडी पळतच होती. आम्ही सगळे गाडी वळली की अंगही वळवत असू. डावीकडे वळण आलं की आख्खं बाक डावीकडे. ताई सरळ उभी होती. फक्त अंगठे हलत होते. ओढणीचं एक टोक तिने दातात धरलं होतं. माझा तो शेवटचा जीव तिने इतका वेळ चालवला की हनीफभाई स्टूल सोडून मागे येऊन उभे राहिले.

"पहले कभी खेली क्या, बेटी?"

"नाही. याचं पाहून राह्यली होती, आली तवापासून."

त्या आठवड्यात इतके गुण कोणाचेच नव्हते. हनीफभाई खडू घेऊन फळ्यापाशी गेले आणि थांबले. "नाम क्या लिखूँ?" पोरीचं नाव त्या भिंतीवर, स्टँडसमोर, सगळ्या गावाच्या येण्याजाण्यावर. ताईने माझ्याकडे बोट केलं. "याचं लिहा."

तो पावसाळा आणि पुढचा हिवाळा फळ्यावर पहिली ओळ माझी होती. त्या पहिल्या डावाचं विसरून पोरं मला वस्ताद म्हणत. वर्गात मागच्या बाकावर माझ्यासाठी जागा धरून ठेवत. आणि खेळत होती ताई. अकरावीला ती मंगरुळपीरच्या कॉलेजात जात असे, मंगलाबरोबर, एसटीने. दुपारच्या गाडीने दोघी परत येत. तेव्हा पोरं शाळेत, दुकान रिकामं. ताई खेळायची. मंगला दाराशी बाकावर, दोघींची दप्तरं मांडीवर, उकडलेल्या शेंगा सोलत पडद्याच्या फटीतून रस्त्यावर नजर ठेवून. गेममध्ये तिला काडीचा रस नव्हता.

"सुमे, झालं का वं? तुह्या बाबाची शाळा सुटते आता."

"एक मिन्ट."

"तुहा एक मिन्ट म्हंजे माह्या सगळ्या शेंगा."

तिच्या दप्तराला शेंगांच्या पाण्याचा खारट वास यायचा. ताई सांगायची, "मंगली नसती त मी आत पायही नसता टाकला." दोघींचं ठरलेलं होतं. बारावी करायची, डी.एड. करायचं आणि एकाच गावच्या शाळेत नोकरी मागायची. ते सांगताना दोघीही एकदम बोलायच्या, त्यामुळे कुठल्या गावची शाळा ते मला कधीच नीट ऐकू आलं नाही.

एका शनिवारी माझी सकाळची शाळा होती. दुपारी मी आणि आणखी चार-पाच पोरं दुकानात होतो. बाहेर थंडीतलं पांढरं ऊन, स्टँडवर हरभऱ्याच्या डहाळ्यांची गाडी उभी. ताईने डाव संपवला, रिमोट खाली ठेवला, ओढणी सारखी केली आणि म्हणाली, "भाई, या हप्त्यात माह्या नावानं लिहा."

हनीफभाईंनी तिच्याकडे बघितलं. मग फळ्याची पहिली ओळ पुसली आणि सावकाश लिहिलं, सुमन. खडू करकरला. माझं नाव दुसऱ्या ओळीवर आलं नाही. तिसऱ्यावर नाही, पाचव्यावरही नाही. माझे स्वतःचे गुण पाचात बसतच नव्हते.

"अबे वस्ताद," एक जण म्हणाला, "तू त बहिणीच्या हातानं जेवते!"

सगळं बाक हसलं. हनीफभाईही हसले. ताई माझ्या केसांतून हात फिरवून म्हणाली, "चाल, शेंगा खा," आणि मंगलाने मूठभर शेंगा पुढे केल्या. मी त्या घेतल्या नाहीत.

त्या संध्याकाळी आई चुलीवर वांगं भाजत होती. करपलेल्या सालीचा वास घरभर होता. बाबा खाटेवर वह्या तपासत बसले होते. दर पौर्णिमेला विहारात उभे राहून शिका म्हणून सांगणारा तो माणूस. त्यांनी मान वर न करता विचारलं, "दळण आणलं काय?"

मी म्हणालो, "बाबा, ताई कॉलेजातून आली का हनीफच्या दुकानात बसते. पोट्ट्याइच्यात."

लाल पेन थांबला. "तुले कसं मालूम?"

मी तिथे असतो हे सांगायची माझी छाती झाली नाही. दुपारच्या मुठीतल्या शेंगा डोळ्यांपुढे होत्या म्हणून की काय, जे नाव जवळ होतं ते मी घेतलं. "मंगलाताई तिच्या मायले सांगत होती. म्या ऐकलं."

बाबांनी पेनाला टोपण लावलं.

ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. ताईचा एसटीचा पास त्यांनी कपाटावर ठेवला, उंच, जिथे आईचा हात पोचत नसे. ताईने वाद घातला, ती घाबरणारी नव्हतीच. "खेळली मी. हाव, खेळली. त्याच्यानं काय झालं?" बाबा एवढंच म्हणाले, "तुह्या मैत्रिणीनंच सांगतलं गावाले. आता मले काय विचारतं?" तोवर ताईच्या डोळ्यात पाणी नव्हतं.

"मंगली?" ती म्हणाली. मग खाली बसली.

दुसऱ्या दिवशी रविवार. सोमवारी सकाळी मंगला नेहमीसारखी दारात आली, दप्तर छातीशी धरून. धुकं होतं, तिच्या बोलण्याबरोबर वाफ निघत होती. "सुमे, बस जाईन वं." आतून कोणी आलं नाही. आई बाहेर गेली. "येत नाही ते. तू नको येऊ बाप्पा आता." मंगलाने आईकडे बघितलं, मग माझ्याकडे. "म्या काय केलं, काकू?" आईने दार लोटलं. मी ओट्यावर मंजन करत उभा होतो. तोंड भरलेलं होतं. तोंड भरलेलं होतं हे मी पुढे कितीतरी वर्षं स्वतःला सांगत राहिलो.

बाजाराच्या दिवशी हनीफभाईंनी फळा पुसला. त्या हप्त्यापुरतं ते नाव तिथे राहिलं, आणि मग नाही.

पुढचं सांगण्यासारखं फार नाही. ताई दोन वर्षं घरी शिवण शिकली आणि मेडशीला दिली गेली. मंगला एकटीच एसटीने गेली-आली, डी.एड. झाली आणि आज जऊळक्याला शाळेत मास्तरीण आहे. बाबांनी शेवटच्या आजारपणात ताईची माफी मागितली होती, माझ्यासमोर. "तुले शिकवाले पायजे होतं." ताई त्यांचे पाय चेपत म्हणाली, "जाऊ द्या बाबा." मी औषधाच्या बाटलीवरचं लेबल वाचत बसलो होतो.

शुक्रवारी गेम आला. दिवसभर फोनच्या नेटवरून उतरत होता. फोन खिडकीत टांगून ठेवावा लागला, तिथेच तेवढी रेंज लागते. शनिवारी दुपारी, बायको शेजारी हळदीकुंकवाच्या पिशव्या शिवायला गेली असताना, मी तो सुरू केला. सुंदर होता. पहाटेचं रान, दवाने वाकलेलं गवत, त्यातून चालणारा घोडा. दोन वर्षं वाट बघावी असाच. मग पडद्यावर एक चौकट आली. खेळाडूचं नाव लिहा.

हे प्रत्येक गेम विचारतो. प्रत्येक वेळी मी माझं नाव लिहीत आलो. त्या दिवशी ती बारीक रेघ लुकलुकत राहिली आणि मी नुसता बसलो. शेलूबाजारची भिंत, मांडवातला रिकामा पाट. घोडा मागे उभा, शेपटी हलवत. चहा ठेवायची वेळ टळून गेली. मग मी डबा बंद केला. बायको आली तेव्हा तिला म्हणालो, "उद्या मेडशीला जातो."

"गेम सोडून?" तिने माझं कपाळ चाचपून बघितलं.

मेडशीच्या वाटेवर तूर फुलावर होती, पिवळी. सोयाबीन निघालेल्या शेतांत भुशाचे, कुटाराचे ढीग आणि त्यांचा आंबूस वास. मालेगाव मागे पडेपर्यंत मी वाक्य जुळवत होतो. ताई ओसरीत बसून लग्नाघरच्या ब्लाउजांना हूक लावत होती. दाजी हरभऱ्याला पाणी द्यायला गेलेले.

"काहून रे, एकटाच? भांडून आला का घरी?"

"नाही. तुले एक सांगाचं होतं."

"सांग मंग. मले हूक लावाचे हायेत, कान रिकामे हायेत."

मी सांगितलं. जुळवलेलं एकही वाक्य कामाला आलं नाही. मधेच मी रडू लागलो असेन, कारण ती म्हणाली, "आधी नीट बोल." सुई चालूच होती.

"मंगलीचं नाव त बाबानं घेतलं होतं ना?"

"माह्याच तोंडून ऐकलं होतं त्याइनं."

"तिच्या मायले सांगत होती, हेही खोटं?"

"हाव."

"काहून?"

"मी तिथं असतो हे कळलं असतं म्हणून. आन्... तू तुहं नाव लिहाले लावलं म्हणून."

दोरा संपला. तिने तो दाताने तोडला, सुई गादीत खोचली. शेजारच्या घरी कोणीतरी सुपाने सोयाबीन पाखडत होतं, त्याची सरसर एकसारखी ऐकू येत होती.

"कॉलेजाचं जाऊ दे," ती म्हणाली. "ते बाबानं बंद केलं, ते बाबाचं. तू लहान होता. पण मंगलीच्या लग्नाले मी नाही गेली. तिले पोरगी झाली, नाही गेली. तिची माय मेली, अख्खं गाव गेलं, मी घरात मुद्दाम गोधडी शिवत बसली. इतके वर्स तू लहानच होता काय रे?"

"नाही."

"मंग?"

मी म्हणालो, "ताई, मले माफ कर."

"ते नंतर पाहू. गाडी काढ."

"कुठं?"

"जऊळक्याले."

"आधी फोन करून..."

"फोन कायले? फोनवर सांगशीन अन् सुटशीन." तिने ब्लाउज घडी करून पेटीवर ठेवले, पदर सारखा केला. "तिच्या तोंडासमोर सांगजो. मी नाही सांगत."

माझ्या गाडीवर बसली की ताई नेहमी खांद्यावर हात ठेवते, आणि खड्डा आला की चिमटा काढते. त्या दिवशी तिने मागची दांडी धरली. जऊळक्याला रेल्वेच्या फाटकापाशी थांबावं लागलं. मालगाडी जात होती. डबे संपता संपत नव्हते. तिथल्या पानठेल्यावर विचारलं तर पोरगा म्हणाला, "मंगला मॅडम? ते काय, निळ्या गेटचं."

मंगला अंगणात उन्हाला पाठ देऊन केस वाळवत बसली होती. केस निम्मे पांढरे झालेले. गेटचा आवाज झाला तशी तिने वळून बघितलं आणि हातातला कंगवा तसाच राहिला.

"सुमे?"

"मंगले, आधी हा काय सांगते ते ऐक," ताई म्हणाली. "मंग मले बस म्हण. नाहीतर जाय म्हण."

दुसऱ्यांदा सांगणं जास्त अवघड होतं. पहिल्यांदा सांगताना मला काहीतरी हवं होतं. आता काही मागण्यासारखं उरलं नव्हतं, नुसतं सांगायचं होतं. मी उभ्यानेच, खाली बघत, सगळं सांगितलं. संपल्यावर वर बघितलं तर मंगला माझ्याकडे बघतच नव्हती.

"आठ दिवस मी तुह्या घरावरून बसले गेली," ती ताईला म्हणाली. "मुद्दाम त्या गल्लीनं. वाटे, निघशीन."

"खिडकीतून पाह्यची मी."

"मले दिसत होती तू. म्हून त जात होती."

ताईच्या तोंडून एक आवाज निघाला, हुंदका की काय ते मला समजलं नाही. मंगलाने तिचा दंड धरला, जोरात, जसं चुकलेल्या पोरीला धरतात तसा, आणि ओढत घरात घेऊन गेली. दार उघडंच राहिलं. मी अंगणात. बस म्हणून कोणी म्हटलं नाही. पाणी कोणी विचारलं नाही. आतून आधी भांड्याचा आवाज आला, मग दोघींचे आवाज एकमेकांत मिसळलेले, एकदम बोलणारे. काय बोलत होत्या ते नीट ऐकू येत नव्हतं. एकदा मंगला मोठ्याने म्हणाली, "चूप वं! खोटं नको बोलू!" आणि मग पुन्हा कुजबुज.

ऊन भिंतीवरून वर सरकलं. शेवटी ताई दारात आली. डोळे सुजलेले, पदर कमरेला खोचलेला, हाताला पीठ.

"तू जाय," ती म्हणाली. "मी आज इथंच राह्यतो. उद्या मंगली मले बसमध्ये बसवून देईन."

"दाजीले काय सांगू?"

तिने क्षणभर विचार केला. "सांगजो, मैत्रिणीच्या घरी हाये."

मी मेडशीवरून वळसा घेऊन गेलो. दाजी नुकतेच शेतातून आले होते, हातपाय धूत होते. त्यांना तेवढंच सांगितलं, तिच्याच शब्दांत. माझं त्यात काही घातलं नाही.